कड

आधी कागदावर एक वर्तुळ काढलं,
मग त्याच्या पोटात दुसरं.
"हे काय, पोकळे?" साहेबानं विचारलं.
"भोक," काका म्हणाले.
आडनावातला विनोद साहेबाला कळला नाही,
बाकी टांकसाळ दुपारपर्यंत हसत होती.

लढाई चालू होती. तांबं तिकडे जात होतं
काडतुसं होऊन.
वरून हुकूम आला: पैसा हलका करा,
पण पैसाच राहू द्या.
ढब्बू पैशावर वाढलेल्या माणसांना हे सांगणं म्हणजे
भाकरीचा पापुद्रा वाढून
जेवलात ना, विचारणं.

काकांनी आधीच्या राजाची दाढी कोरली होती,
केसन् केस, पोलादात, उलटी.
उलट्या अक्षरांची सवय इतकी
की वाण्याची यादी एकदा
काकूला आरशात धरून वाचावी लागली.
आता लंडनहून पत्र: राजाचं डोकं कुठे बसवणार?
दोन दिवस फाइल टेबलावर पडून.
शेवटी मुकुट तेवढा राहिला, भोकाच्या काठाशी,
कपाळाशिवाय.

पण भोक केवढं?
ते फाइलीत नाही.

बझारगेटच्या नाक्यावर हसनमियां परकार
खारे दाणे विकायचे.
मूळचे बाणकोटचे, आगबोटीवर आगवाले;
बॉयलरच्या वाफेनं डोळे नेले, कंपनीनं नोकरी.
काका खिशातून पत्र्याच्या चकत्या काढायचे,
घरी कात्रीनं कापलेल्या, कोऱ्या,
आणि त्यांच्या तळहातावर ठेवायचे.
चौकोनी दोन आणे, नागमोडी आणा,
यांच्याशी त्या बोटांची जुनी ओळख.
"राजा तुम्ही बघा, पोकळेशेट,
मला कड द्या."

भोकाची चकती हाती आली
तेव्हा ते बराच वेळ गप्प.
मग पुड्या बांधायच्या सुतळीचं टोक
ओठांत ओलं केलं, ओवून पाहिलं. चुकलं.
परत चुकलं.
"भोक सापडत नाही.
करंगळीचं टोक टेकेल एवढं करा,
मग गल्ला गटारात नाही पडायचा,
गळ्यात घालून घरी नेईन."

करंगळीच्या त्या टोकाएवढं भोक
पुढे लाखांनी पडलं.
साहेबाच्या अहवालात वाचलेल्या तांब्याचे टन आहेत,
करंगळी नाही.

पैसा बाहेर आला आणि
पोरांच्या करदोट्याला बांधला गेला.
फिटरांनी तो वायसर म्हणून वापरला,
कारण वायसर महाग झाला होता, पैसा स्वस्त.
साहेब चिडला.
"कुठेतरी घट्ट बसला ना," काका म्हणाले,
तेही मराठीत, जिन्यावर आल्यावर.

एका संध्याकाळी हसनमियांची माळ मोजली.
मी होतो, दहा वर्षांचा, दाण्यांच्या आशेनं.
पन्नास चकत्या, त्यात सात लोखंडी वायसर.
"तुम्हाला फसवलं कुणीतरी."
"मला लोखंड कळत नाही होय रे?
पोर आहे. गोदीकडून पळत येतं, धाप लागलेली असते.
वायसर ठेवतं,
मी परत विचारायच्या आत पुडी घेऊन पसार."
आणि सुतळीला गाठ मारत म्हणाले,
"सातच वेळा आलं. आता नाही येत."

टांकसाळीतून निघताना झडती होई:
टोपी, जिभेखाली, चपलेचा तळ.
आत जाताना कुणी बघत नसे.
दुसऱ्या दिवशी काका एक वायसर घेऊन आत गेले.
परत आणला नाही; आणता आलाही नसता.
काय केलं त्याचं, शेवटपर्यंत बोलले नाहीत.

उरलेले सहा माझ्या खणात आहेत,
पैशांत मिसळलेले.
कधी दिवा मालवून
बोटांनी निवडायला बसतो.
चार सापडतात.
कधी पाच.